अवेस्तेच्या शोधात निघालेला शिपाई

पारशी समाज म्हटला की आपल्यासमोर दादाभाई नौरोजी, फिरोजशहा मेहता, जमशेटजी टाटा अशी नावे उभी राहतात. मुंबईत एखाद्या अग्यारीवरून जाताना दारावरची पंखधारी आकृती आपण पाहतो, आत आपल्याला प्रवेश नाही एवढे आपल्याला ठाऊक असते, आणि आपण पुढे चालू लागतो. आत ज्या प्रार्थना म्हटल्या जातात त्यांची भाषा आपल्या ऋग्वेदाच्या भाषेची सख्खी बहीण आहे, ही गोष्ट संस्कृत किंवा भाषाशास्त्र घेणाऱ्या मूठभर विद्यार्थ्यांपलीकडे सहसा पोहोचत नाही. आम्ही वर्गात जोड्या पाठ करतो : सप्त आणि हप्त, असुर आणि अहुर, सोम आणि हओम, यज्ञ आणि यस्न, मित्र आणि मिथ्र. परीक्षेत त्यांना गुणही मिळतात. पण या जोड्या जुळवता याव्यात म्हणून अवेस्तेची पोथी पहिल्यांदा जगासमोर कोणी आणली, हा प्रश्न मला पडला आणि उत्तरादाखल जे वाचायला मिळाले ते एखाद्या कादंबरीला लाजवील असे निघाले. आंकेतील द्युपेराँ या फ्रेंच माणसाची ही हकीकत आहे. ती आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर आणि काही अंशी आपल्या मराठी मुलखात घडली, म्हणून ती आपल्या अंकात यावी असे मला वाटले.

आधी ग्रंथाविषयी थोडे सांगायला हवे. अवेस्ता हा एक सलग ग्रंथ नाही. यज्ञविधीत म्हणावयाचा यस्न, त्याला पूरक असा विस्परद, शुद्धिअशुद्धीचे आणि दैत्यनिवारणाचे नियम सांगणारा वेंदिदाद, देवतांची स्तुती करणारे यश्त आणि रोजच्या प्रार्थनांचा खोर्देह अवेस्ता, असा तो संग्रह आहे. सासानी राजांच्या काळी याचे एकवीस भाग, म्हणजे नस्क, होते असे परंपरा सांगते. त्यांतले बहुतेक नाहीसे झाले. वेंदिदादचे बावीस अध्याय तेवढे जवळजवळ अखंड राहिले. यस्नाचे अध्याय बहात्तर. त्यांच्या मधोमध सतरा सूक्ते आहेत, त्यांना गाथा म्हणतात, आणि या गाथा खुद्द जरथुष्ट्राच्या मानल्या जातात. हे सारे शतकानुशतके केवळ मुखोद्गत होते. आपल्या वेदपाठी ब्राह्मणांना याचे आश्चर्य वाटणार नाही. पुढे सासानी काळात पेहलवी लिपीवरून पन्नासाहून अधिक अक्षरांची एक स्वतंत्र लिपी तयार करण्यात आली. स्वराचा बारीकसारीक फरकही लिहिता यावा हा तिचा हेतू. उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी ही लिपी आणि तिच्यातल्या पोथ्या इराणातून निघालेल्या पारशांनी गुजरातेत जपल्या. मेहरबान कैखुश्रू नावाच्या इराणी धर्मगुरूने १३२३ साली खंबायतेत उतरवलेल्या पोथ्या आजही अभ्यासकांचा मोठा आधार आहेत.

युरोपला या सगळ्याची केवळ कुणकुण होती. झोरोआस्टर नावाचा एक थोर ज्ञानी पूर्वेकडे होऊन गेला हे ग्रीक लेखकांमुळे त्यांना ठाऊक होते. ऑक्सफर्डच्या टॉमस हाइडने १७०० साली प्राचीन इराणी धर्मावर जाडजूड लॅटिन ग्रंथ लिहिला, पण मूळ अवेस्ता त्याला वाचता येत नव्हता. पुढे सुरतेहून एका इंग्रजाने मिळवलेली वेंदिदादची एक प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आली. ती तिथे साखळीने बांधून ठेवली होती. यायचे, पाहायचे आणि परत जायचे. वाचणारा कोणी नव्हता.

आंकेतील द्युपेराँचा जन्म पॅरिसमध्ये ७ डिसेंबर १७३१ रोजी झाला. वडील मसाल्याच्या पदार्थांचे व्यापारी, घरात भावंडे पुष्कळ. मुलाने पाद्री व्हावे म्हणून त्याला धर्मशिक्षणाला घातले. तो हिब्रू शिकला, हॉलंडमध्ये जाऊन अरबी-फारसीची ओळख करून घेतली, पण पाद्री काही झाला नाही. पॅरिसला परत येऊन राजाच्या ग्रंथालयात पोथ्या चाळत बसू लागला. तिथे १७५४ साली त्याला कोणीतरी चार पाने दाखवली. ऑक्सफर्डच्या त्या साखळदंडातल्या पोथीची हाताने काढलेली ती नक्कल होती. त्या अक्षरांचा अर्थ युरोपात कोणालाच लागत नव्हता. तेवीस वर्षेही पुरी न झालेल्या या मुलाने तिथल्या तिथे ठरवले की जिथे ही लिपी वाचणारी माणसे आहेत तिथे जायचे, ती भाषा शिकायची आणि पोथ्या घेऊन यायचे.

जायचे कसे? खिशात पैसा नव्हता. ओळखीच्या विद्वानांनी सरकारकडून मदत मिळवून देतो म्हणून सांगितले, पण सरकारी कामे त्या काळीही आजच्यासारखीच चालत. त्याला धीर नव्हता. त्याने फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत साधा शिपाई म्हणून नाव नोंदवले. या फौजेत तुरुंगातून बाहेर काढलेली माणसेही असत. त्या टोळीबरोबर नोव्हेंबर १७५४ मध्ये तो पॅरिसहून बंदराकडे पायी निघाला. सोबत दोन सदरे, हातरुमाल, हिब्रू बायबल आणि मोंतेन्यचे निबंध एवढेच सामान. बंदरावर पोहोचला तेव्हा मागून बातमी आली : मित्रांच्या खटपटीला यश येऊन त्याला शिपाईगिरीतून मोकळे केले आहे, पाचशे लिव्रांचे वर्षासन मंजूर झाले आहे आणि जहाजाचे भाडे माफ आहे. पण ही बातमी येणार हे त्याला निघताना माहीत नव्हते, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

ऑगस्ट १७५५ मध्ये तो पाँडिचेरीला उतरला. सुरतेला पोहोचायला त्याला आणखी पावणेतीन वर्षे लागली. आधी फारसी पक्की केली. मग काशीला जाऊन संस्कृत शिकावे आणि वेद मिळवावेत या विचाराने बंगालमध्ये चंद्रनगरला गेला. तिथे आजारी पडला. तेवढ्यात इंग्रज-फ्रेंचांचे युद्ध पेटले आणि मार्च १७५७ मध्ये इंग्रजांनी चंद्रनगर घेतले. हा गृहस्थ तिथून निघून जगन्नाथपुरीच्या वाटेने सारा पूर्व किनारा पालथा घालीत पाँडिचेरीला परत आला. तिथे त्याचा धाकटा भाऊ येऊन पोहोचला होता. दोघे सुरतेला जाणाऱ्या जहाजात बसले, पण आंकेतील मलबारातल्या माहे बंदरात उतरला. त्याला देश पाहायचा होता. किनाऱ्याने तो गोव्याला आला आणि मार्च १७५८ च्या अखेरीस गोवा सोडून घाट चढून मराठ्यांच्या राज्यात शिरला.

इथे थोडे थांबण्याचा मोह मला आवरत नाही. हे नानासाहेब पेशव्यांचे दिवस. राघोबादादा फौजा घेऊन याच एप्रिल महिन्यात लाहोरात शिरले. इतिहासाच्या पुस्तकात आपण त्या महिन्यातले अटकेकडचे मराठे पाहतो. तेव्हा घरी, म्हणजे देशावरच्या खेड्यापाड्यांत, कसे होते? हा फ्रेंच वाटसरू लिहून गेला आहे की मराठी मुलखात शिरताच आपण सुवर्णयुगातल्या साध्या, सुखी माणसांत आलो असे त्याला वाटले. लोक धडधाकट, आनंदी आणि पाहुण्याला घर मोकळे करून देणारे होते, असे त्याचे म्हणणे. परका माणूस थोडक्या दिवसांत जे पाहतो त्यात त्याच्या मनातले स्वप्नही मिसळलेले असते, तेव्हा या प्रशस्तीने आपण फार फुगून जाऊ नये. पण त्या काळच्या आपल्या गावांविषयी परक्याने लिहिलेला असा मजकूर फार थोडा आहे, म्हणून त्याचे मोल. औरंगाबादला पोहोचल्यावर तो वेरूळची लेणी पाहायला गेला आणि त्यांचे सविस्तर वर्णन त्याने लिहून ठेवले. १ मे १७५८ रोजी तो सुरतेत दाखल झाला.

सुरतेचे पारशी तेव्हा दोन तटांत विभागले गेले होते. इराणातून आलेल्या जामास्प विलायती नावाच्या दस्तुरांनी काही वर्षांपूर्वी दाखवून दिले होते की हिंदुस्थानातल्या पारशांचे पंचांग इराणच्या पंचांगाहून एका महिन्याने वेगळे आहे. त्यावरून वाद पेटला आणि १७४५ साली काहींनी इराणी पंचांग स्वीकारले. त्यांना कदमी म्हणू लागले, जुनी रीत पाळणारे ते शहेनशाही. जामास्पांनी हिंदुस्थानातल्या ज्या मोजक्या धर्मगुरूंना अवेस्ता आणि पेहलवी शिकवली त्यांत सुरतेचे दस्तूर दाराब सोराबजी हे होते. दाराबांचा कल सुधारणेकडे. विरुद्ध बाजूला मंचरजी शेठ नावाचे धनवान गृहस्थ होते आणि त्यांचे डच वखारीशी चांगले संबंध होते. आंकेतील दाराबांकडे शिकू लागला.

आता दस्तुरांच्या बाजूने विचार करून पाहा. परधर्मीयाला, जुद्दीनाला, धर्मग्रंथ शिकवायचा. समाजात आधीच दुही. विरोधकांना कळले तर? शिवाय हा परदेशी माणूस पोथ्या घेऊन जाऊन काय करील याचा काय भरवसा? फी ठरली होती, पैसे चुकते होत होते, पण शिकवणे पुढे सरकेना. काही महिन्यांनी दाराबांनी त्याला वेंदिदादची एक प्रत करून दिली. आंकेतीलला संशय आला. त्याने डच वखारीच्या प्रमुखामार्फत मंचरजी शेठांकडची प्रत मागवून घेतली, दोन्ही प्रती अक्षरन् अक्षर ताडून पाहिल्या आणि दाराबांनी दिलेली प्रत अपुरी, फेरफार केलेली आहे हे शोधून काढले. पुष्कळ युरोपीय लेखक हा प्रसंग सांगताना दस्तुरांना लबाड ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. हजार वर्षे जी वस्तू जिवापाड जपली ती मागायला आलेल्या अनोळखी माणसाच्या हाती पहिल्याच दिवशी कोण ठेवील? आपल्याकडच्या किती वैदिकांनी त्या काळी एखाद्या साहेबासमोर संहिता उघडली असती? नवल असलेच तर त्याचे आहे की पकडले गेल्यानंतर दाराबांनी दार लावून घेतले नाही. उलट शिष्याची चिकाटी पाहून ते खरोखर शिकवू लागले.

शिकवण्याची भाषा फारसी. दस्तूर अवेस्तेतला शब्द वाचीत, त्याचा पेहलवी प्रतिशब्द सांगत आणि फारसीत त्याचा अर्थ समजावीत. आंकेतील ते उतरवून घेई. आधी शब्दकोश झाला, मग वेंदिदाद. जून १७५९ मध्ये वेंदिदादचे भाषांतर हातावेगळे झाले, मग बाकीचे भाग आणि बुंदहिश्न हा पेहलवी ग्रंथ. याच वर्षी इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला होता. याच वर्षाच्या उत्तरार्धात आमच्या या विद्याव्यासंगी नायकाने एका फ्रेंच माणसाशी तलवारीचे द्वंद्व केले. तो माणूस मेला, हा स्वतः जबर जखमी झाला आणि ज्यांच्याशी आपल्या देशाचे युद्ध चालू आहे त्या इंग्रजांच्या आश्रयाला त्याला जावे लागले. स्वभाव असा तापट. पुढे त्याचा हाच स्वभाव त्याला फार महागात पडणार होता. १७६० साली पारशी वेष घालून आपण अग्यारीच्या आत जाऊन आलो असेही तो लिहितो. पारशी विद्वानांनी पुढे या दाव्यावर शंका घेतली आहे आणि ती मला रास्त वाटते. त्याच साली तो दक्षिणेकडे येऊन कान्हेरीची आणि घारापुरीची लेणी पाहून गेला. दोन्ही जागा तेव्हा मराठ्यांच्या ताब्यात होत्या.

काशीला जाऊन वेद मिळवण्याचा बेत अजून मनात होताच. पण जानेवारी १७६१ मध्ये पाँडिचेरी पडले. पानिपतावर आपली दाणादाण उडाली त्यानंतर दोनतीन दिवसांतच ही घटना घडली. फ्रेंचांचे पाठबळ संपले. मार्चमध्ये तो एका इंग्रजी जहाजातून निघाला, इंग्लंडात पोहोचताच युद्धकैदी म्हणून अडकवला गेला, आणि सुटल्यावर सरळ घरी न जाता आधी ऑक्सफर्डला गेला. त्या साखळदंडातल्या पोथीशी आपल्या पोथ्या ताडून पाहायच्या होत्या! मार्च १७६२ मध्ये तो पॅरिसला पोहोचला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने १८० हस्तलिखिते राजाच्या ग्रंथालयात नेऊन दिली. त्यांतली एकही त्याने विकली नाही.

ग्रंथ छापून व्हायला आणखी नऊ वर्षे गेली. १७७१ साली 'झेंद-अवेस्ता' तीन खंडांत प्रसिद्ध झाला. नावापासूनच घोटाळा होता. झेंद किंवा जंद म्हणजे टीका, भाष्य. तो भाषेचे नाव समजला, आणि मग शंभर वर्षे युरोप या भाषेला झेंद म्हणत राहिला. प्रस्तावनेत त्याने आपल्या प्रवासाचे पाचशेहून अधिक पानांचे वर्णन घातले आणि जाता जाता ऑक्सफर्डच्या पंडितांची टवाळी केली. याचा परिणाम व्हायचा तो झाला. पंचवीस वर्षांच्या एका ऑक्सफर्डच्या तरुणाने निनावी पत्रक काढले, तेही उत्तम फ्रेंचमध्ये, आणि आंकेतीलची यथेच्छ चेष्टा केली. झोरोआस्टरसारखा ज्ञानी असे कंटाळवाणे ग्रंथ लिहील हे शक्यच नाही. एकतर हा माणूस फसवतो आहे किंवा त्याच्या पुरोहितांनी याला फसवले आहे, असा त्याचा रोख होता. तो तरुण म्हणजे विल्यम जोन्स. युरोपातल्या विचारवंतांचीही निराशाच झाली होती. त्यांना उदात्त तत्त्वज्ञान हवे होते. हाती आले ते प्रेताला शिवल्यावर शुद्ध कसे व्हायचे आणि कुत्र्याला इजा केल्यास प्रायश्चित्त काय याचे नियम. जर्मनीत क्लॉयकरने ग्रंथाचे भाषांतर करून त्याची बाजू घेतली, पण इंग्लंडात आंकेतील हा हास्यविषय झाला तो झालाच.

पुढची गंमत आपल्या विषयाची आहे. हाच जोन्स कलकत्त्याला न्यायाधीश होऊन आला, १७८४ मध्ये त्याने एशियाटिक सोसायटी स्थापली आणि तो संस्कृत शिकला. मग इराण्यांविषयी १७८९ साली दिलेल्या व्याख्यानात त्याला सांगावे लागले की आंकेतीलने छापलेला झेंद शब्दांचा कोश चाळला तर दहांतले सहासात शब्द शुद्ध संस्कृत निघतात. ज्या ग्रंथाची त्याने खिल्ली उडवली त्यातल्याच कोशाने त्याला चकित केले. मात्र जुन्या आरोपाबद्दल त्याने माफी मागितली नाही.

खरा निवाडा व्हायला आंकेतीलच्या मृत्यूनंतरची वीस-तीस वर्षे लागली. डेन्मार्कचा रास्क १८२० मध्ये मुंबईत येऊन पारशांकडून पोथ्या घेऊन गेला आणि १८२६ साली त्याने सिद्ध केले की ही भाषा प्राचीन आहे, अस्सल आहे आणि संस्कृतची मुलगी नसून बहीण आहे. पॅरिसमध्ये ब्युर्नूफने १८३३ साली यस्नावर भाष्य लिहिले. त्याच्या हाताशी दाराबांच्या परंपरेतला अर्थ होता, शिवाय नेरिओसंघ या पारशी पंडिताने मध्ययुगात केलेले यस्नाचे संस्कृत भाषांतरही होते. ते हस्तलिखित आंकेतीलनेच सुरतेहून आणलेले! आंकेतीलला अवेस्तेचे व्याकरण कळले नव्हते, दाराबांनाही ते परंपरेने जेवढे आले तेवढेच ठाऊक होते; त्यामुळे त्याचे भाषांतर आज कोणी प्रमाण मानीत नाही. पण ते चुकीचे आहे हे दाखवणाऱ्यांच्या टेबलावरही त्याच्याच पोथ्या होत्या. इराणातल्या बाणाकृती लिपीचा पहिला उलगडा ग्रोटेफेंडने १८०२ मध्ये केला, तेव्हा प्राचीन राजांच्या नावांची रूपे त्याने आंकेतीलच्या ग्रंथातून घेतली होती. आणि गाथांची भाषा बाकी अवेस्तेहून जुनी, स्वतंत्र आहे हे ज्याने ठासून मांडले तो मार्टिन हाउग १८५९ मध्ये पुण्याला, पुढे डेक्कन कॉलेज म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेत, संस्कृत शिकवायला आला.

संस्कृतात अहम्, अवेस्तेत अजेम्. आपला हस्त तिकडे जस्त, आपला अश्व तिकडे अस्प. आपण महिन्याचा 'हप्ता' भरतो तो शब्द फारसीतून आला. मुळात तो आपलाच 'सप्त', सात दिवसांचा. देव हा शब्द मात्र तिकडे दैत्याला लावतात, आणि आपल्याकडे बदनाम झालेला असुर तिकडे अहुर मज्द होऊन सिंहासनावर बसला आहे. असे का झाले यावर पंडितांचे एकमत नाही. मला तर ही जोडी भावकीतल्या जुन्या भांडणाची खूण वाटते.

आंकेतीलचे उरलेले आयुष्य पॅरिसमध्ये गेले. १७७८ साली त्याने पूर्वेकडच्या राज्यांतल्या कायद्यांवर ग्रंथ लिहिला. आशियात सगळीकडे केवळ राजाची लहर चालते, रयतेची मालमत्ता अशी काही नसतेच, हे मोंतेस्क्युचे मत तेव्हा युरोपात सर्वमान्य होते. आंकेतीलने तुर्कस्तान, इराण आणि हिंदुस्थानातले दाखले देऊन ते खोडून काढले. असे म्हणून युरोपियनांना आशिया लुटायला सबब मिळते, हे त्याने ओळखले होते. त्या काळी असे लिहिणारे युरोपात किती होते?

काशीला जाणे राहून गेले ते गेलेच. पण फैजाबादच्या दरबारातल्या फ्रेंच प्रतिनिधीने, जेंतील याने, दारा शुकोहने १६५७ मध्ये करवून घेतलेल्या उपनिषदांच्या फारसी भाषांतराची प्रत त्याला १७७५ च्या सुमारास पाठवली. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, राजाचे मस्तक उडाले, त्याची स्वतःची मिळकत बंद झाली, आणि हा म्हातारा पन्नास उपनिषदे लॅटिनमध्ये उतरवीत बसला. १८०१-०२ मध्ये ते भाषांतर दोन खंडांत निघाले. शोपेनहाउएरला उपनिषदांचे वेड लागले ते याच ग्रंथामुळे. प्रस्तावनेत आंकेतीलने हिंदुस्थानातल्या ब्राह्मणांना उद्देशून आपली दिनचर्या सांगितली आहे. पाव, चीज आणि पाणी, रोजचा खर्च रुपयाचा बारावा हिस्सा, हिवाळ्यात शेकोटी नाही, अंथरायला गादी नाही, बायको-मुले नाहीत, कोणाचे देणे नाही आणि कोणाची भीती नाही. देऊ केलेले पैसे त्याने अनेकदा परत केले. १८०४ मध्ये नेपोलियनशी एकनिष्ठतेची शपथ घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने ती नाकारली. १७ जानेवारी १८०५ रोजी तो वारला.

दस्तूर दाराबांचे नाव मात्र युरोपच्या पुस्तकांत बराच काळ एका ओळीपुरते राहिले, तेही बहुधा त्या फेरफार केलेल्या प्रतीच्या निमित्ताने. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे खरशेदजी रुस्तमजी कामा व्यापारासाठी युरोपात गेले, तिथल्या पंडितांकडे अवेस्ता शिकले आणि परत येऊन त्यांनी पारशी धर्मगुरूंच्या मुलांना ती नव्या पद्धतीने शिकवली. त्याच परंपरेतल्या जीवनजी जमशेदजी मोदी यांनी १९१६ मध्ये मुंबईत एक पुस्तक प्रसिद्ध केले. आंकेतीलच्या सुरतेतल्या मुक्कामाची प्रत्येक हकीकत त्यांनी पारशी कागदपत्रांशी ताडून पाहिली, जिथे संशय घ्यायला हवा तिथे घेतला. पुस्तकाच्या नावात त्यांनी आंकेतील द्युपेराँ आणि दस्तूर दाराब ही दोन्ही नावे शेजारी शेजारी घातली आहेत.